प्राध्यापकी सोडावीशी का वाटते? – अनुभव धागा

विद्यापीठात शिकवणाऱ्यांनी आणि सोडून गेलेल्यांनी इथे लिहावं. 'ताण फार' एवढ्यावर थांबू नका, तो नेमका कुठून येतो ते फोड करून सांगा.

गणित विभाग
कार्यभार तासिकांत मोजतात, घोळ तिथेच आहे. नवीन विषयाला एका तासिकेमागे तीन-चार तासांची तयारी लागते. पुढच्या वर्षी ती तासाभरावर येते, पण दरवर्षी विषयच बदलून दिला की ही बचत हाती लागत नाही. आता तपासणी बघा. १२० विद्यार्थी, प्रत्येकी दोन गृहपाठ, एकेकाला १५ मिनिटं, म्हणजे ६० तास. वर्ग साठाचा १२० झाला तरी तासिका तेवढ्याच, त्यामुळे कागदावर भार वाढलेलाच नसतो. मग गृहपाठावर नुसते गुण पडतात, शेरा लिहायला वेळ उरत नाही. पोराला कुठे चुकलं ते कळत नाही. मनापासून शिकवणाऱ्याला पगारापेक्षा हेच जास्त खातं.

रसायनशास्त्र, संशोधन
शोधनिबंध पाठवल्यापासून छापून येईपर्यंत वर्ष सहज जातं आणि करार असतो वर्षा-दोन वर्षांचा. नाकारला गेला की दुसऱ्या नियतकालिकाच्या साच्यात बसवून पुन्हा रांगेत. नियतकालिकाच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून (त्यातल्या लेखांचा इतरांनी सरासरी किती वेळा संदर्भ दिला, तो आकडा) संशोधकाची पारख करू नका, असं संशोधनाच्या मूल्यमापनावरच्या २०१२च्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्यात स्पष्ट म्हटलंय. तरी निवड समित्यांत तो आकडा अजून विचारला जातो. हे चूकच आहे.

भाषा विभाग, तासिकेवर
पैसे फक्त वर्गातल्या तासाचे. तयारी, प्रश्नपत्रिका, विद्यार्थ्यांच्या शंका, सगळं फुकट. सुट्टीत उत्पन्न शून्य. पुढच्या सत्राचं पत्र अगदी तोंडावर येतं, त्यामुळे दुसरीकडे होकारही देता येत नाही.

समाजशास्त्र
एकच माहिती विभागाला एका नमुन्यात, गुणवत्ता कक्षाला दुसऱ्या, मूल्यांकनाला तिसऱ्या नमुन्यात भरून द्यायची. हे काम बढतीत धरत नाहीत.

सोडून उद्योगात गेलेला
सोडायचं ठरलंच तर सत्राच्या मधे नको. नोटिशीची मुदत करारात वाचा. पीएचडीच्या विद्यार्थ्यांना सहमार्गदर्शक आधी नेमून घ्या, नाहीतर त्यांचं वर्ष वाया जातं. प्रकल्पाचा निधी बहुधा संस्थेच्या नावावर असतो, तो हलवायला निधी देणाऱ्यांची लेखी परवानगी लागते. आणि विद्यापीठाचा ईमेल बंद व्हायच्या आत ऑर्किड (ORCID, संशोधकाचा कायमचा ओळखक्रमांक) खात्याला खासगी ईमेल पत्ता जोडा. परीक्षणात अडकलेल्या निबंधांचा संपर्क पत्ताही तेव्हाच बदला.