खोलीनुसार झाडं? आधी खिडकी कुठंय ते सांगा

निवडुंग:
परवा इथे फोरमवर "कोणत्या खोलीत कोणतं झाड" अशी यादी आली. हॉलमध्ये अरेका पाम, बेडरूममध्ये स्नेक प्लांट कारण तो रात्री ऑक्सिजन देतो, किचनमध्ये मनीप्लांट, बाथरूममध्ये पीस लिली, देवघरापाशी तुळस. खाली ढीगभर "मस्त माहिती, सेव्ह केलं". तिथेच दोन ओळी खरडून गप्प बसणार होते, पण बसवेना.

अहो झाडाला काय माहीत आपण हॉलमध्ये आहोत का बेडरूममध्ये? त्याला उजेड कळतो फक्त. बाहेर भर उन्हात लाखभर लक्स (उजेड मोजायचं माप) असतात आणि खिडकीपासून 7-8 फूट आत सोफ्याच्या कोपऱ्यात मोजले तर दोनशे-तीनशे, आपल्या डोळ्याला मात्र दोन्हीकडे छान उजेड वाटतो, मेख इथेच आहे. फोनवर लक्स मोजायचं ॲप फुकट मिळतं, एकदा घरभर फिरवा. शिवाय एकच खोली वर्षभर सारखी नसते, आमच्या पुण्यात डिसेंबरात दक्षिणेच्या खिडकीतून ऊन पार पलंगापर्यंत येतं आणि मे-जूनमध्ये त्याच खिडकीत ऊन शोधावं लागतं, उलट उत्तरेच्या खिडकीत सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन येतं.

आणि ते रात्रीचं ऑक्सिजन प्रकरण. स्नेक प्लांट रात्री पानांची छिद्रं उघडतो ते कार्बन डायऑक्साइड आत घ्यायला. तो आम्ल करून साठवतो आणि ऑक्सिजन सोडतो दिवसा, उजेडात. तुळसही ऑक्सिजन उजेडातच सोडते, रात्री कोणीही ऑक्सिजन वाटत नाही.

हिरवीगार:
यादी माझी होती, नाव घेतलं असतंत तरी चाललं असतं. झाडं घरातली हवा साफ करतात यावर नासाने 1989 साली अभ्यास केलाय, त्यात स्नेक प्लांट, पीस लिली सगळे आहेत, मी मनाचं काही लिहिलेलं नाही. माझ्या सासूबाईंना दम्याचा त्रास, त्यांच्या खोलीत 4 स्नेक प्लांट ठेवल्यापासून त्यांना शांत झोप लागते. आता तुमचं ॲप म्हणतं लागत नाही, तर नसेल लागत.

निवडुंग:
ताई, नासाचा प्रयोग हवाबंद पेट्यांमध्ये होता हो. आपल्या घरात दारं उघडी, खिडक्या उघड्या, पंखा चालू. 2019 मध्ये अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठातल्या दोघांनी असे सगळे जुने प्रयोग एकत्र करून हिशोब मांडला, की नुसत्या नेहमीच्या हवा खेळण्याने जेवढी हवा साफ होते तेवढी झाडांकडून करून घ्यायची तर दर चौरस मीटरला 10 ते 1000 झाडं लागतील. माझी बेडरूम 10 बाय 11, म्हणजे साधारण 10 चौरस मीटर. कमीत कमी 100 कुंड्या. नवऱ्याला कुठे झोपवू?
सासूबाईंना झोप लागते याचा आनंदच आहे.

पानओवा:
नवऱ्याला बाल्कनीत (हलके घ्या)
पण दिल्लीतले व्यावसायिक कमल मीटल यांचं 2009 चं टेड भाषण बघा, हवा साफ ठेवायला अरेका, स्नेक प्लांट आणि मनीप्लांट या तिघांवर त्यांनी अख्खी इमारत चालवली.

निवडुंग:
पाहिलंय. माणशी खांद्याएवढे 4 अरेका म्हणाले होते ते. चौघांच्या घरात 16. यादीत किती लिहिले होते?

हडपसर_फाटा:
दोघींचंही चुकतंय. झाडं खोलीने मरत नाहीत, खिडकीने मरत नाहीत, पाण्याने मरतात. माझं रोपांचं काम आहे, रोज बघतो. लोक म्हणतात दादा आम्ही तर रोज पाणी घालतो, म्हटलं म्हणूनच मेलं. अंधाऱ्या कोपऱ्यातलं झाड पाणी पितच नाही फारसं, तुम्ही घालताय बाल्कनीतल्या हिशोबाने. दोन इंच बोट खुपसा मातीत, कोरडं लागलं तर घाला.

पानओवा:
आणि तुम्ही लोक रोपाच्या मुळाशी तो लाल चिकणमातीचा गोळा का देता ते पण सांगा की. मागच्या पावसाळ्यात 350 रुपयांचा पीस लिली आणला, महिन्यात मान टाकली, उपटून बघितला तर आत विटेसारखा घट्ट गोळा, वरून घातलेलं पाणी कडेकडेने निघून जातंय आणि मुळं आत कोरडी ठणठणीत. हा पाण्याने मेला का पाण्यावाचून?

हडपसर_फाटा:
गोळा लांबच्या गाडीत रोप टिकावं म्हणून असतो, आंध्रातल्या कडियमवरून माल येतो, सुटी माती असती तर मुळं तुटून गेली असती. घरी आणल्यावर गोळा फोडून कोकोपीट-शेणखतात लावायचा असतो. सांगायला हवं हे मान्य. आमच्याकडे सांगतात.

आजोळ:
कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. घरात रांगतं मूल असेल तर डिफेनबेकिया कुठल्याच खोलीत नको. माझ्या भाचीने पान चावलं, ओठ आणि जीभ सुजली, रात्री साडेदहाला दवाखाना गाठला. अळूच्याच कुळातलं झाड ते, अळू कच्चं राहिलं की घसा जसा धरतो तोच प्रकार, पण कितीतरी पट. मनीप्लांट आणि पीस लिलीही त्याच घराण्यातले.

हिरवीगार:
हे माहीत नव्हतं. किचनचा मनीप्लांट वर टांगते. बाकी यादीवर मी ठाम आहे.

आजोळ:
टांगा, आणि पुसतही जा. आमच्या गॅसजवळच्या मनीप्लांटच्या पानावरून बोट फिरवलं तर फोडणीचा पिवळट चिकटा आला, वर धूळ बसलेली.

तिसरा_मजला:
खोल्या राहू द्या हो, बाल्कनीतल्या कुंड्यांचं काय ते बोला. परवा आईने तीन दिवस गहू भिजवून, चीक काढून, पहाटे पाचला उठून कुरडया घातल्या. ग्रीलमध्ये साडीवर वाळत होत्या. नऊ वाजता वरच्या बाईंचं वृक्षप्रेम सुरू झालं आणि शेणखताचं तपकिरी पाणी टप टप टप कुरडयांवर. वर जाऊन सांगितलं तर म्हणतात, "पाणीच आहे, वाळेल!"

पानओवा:
अरे देवा. कुरडया!! नोटीस द्या.

गच्चीवाला:
आम्ही वरचे आहोत. सगळ्यांना वरचेच दिसतात. झाडं काय कोरडी ठेवायची? वाळवण गच्चीवर घालायचं असतं, ग्रीलमध्ये नाही.

तिसरा_मजला:
गच्चीची किल्ली कुणाकडे असते विचारा. कुंडीखाली ट्रे ठेवायला किती पैसे पडतात? 40 रुपये?

गच्चीवाला:
ट्रे ठेवला होता. मग पालिकेची बाई आली, ट्रेमध्ये अळ्या दाखवल्या आणि दंडाची पावती फाडली. ट्रे ठेवला तर डेंग्यू, नाही ठेवला तर तुमच्या कुरडया. आधी तुमच्या एसीचं पाणी कुठे पडतं ते बघा.

तिसरा_मजला:
आमच्याकडे एसी नाही. आणि अक्कल असलेला माणूस ट्रेमधलं पाणी

(प्रतिसाद काढून टाकण्यात आला आहे)

हडपसर_फाटा:
भांडू नका. पाणी घातल्यावर अर्ध्या तासाने ट्रे ओतून टाकायचा. आणि आठवड्यातून एकदा घासायचाच, नुसता ओतून भागत नाही, डासाची अंडी कडेला चिकटून राहतात. बाटलीतल्या मनीप्लांटलाही हेच.

गच्चीवाला:
19 कुंड्या आहेत माझ्याकडे. 19 ट्रे घासत बसू?

तिसरा_मजला:
मग 9 ठेवा.

गच्चीवाला:
बरं, पुढच्या वेळी वाळवण घालाल तेव्हा बेल मारून सांगा वरच्यांना, त्या दिवशी पाणी नाही घालणार कुणी. एवढं तर कोणीही ऐकेल.

तिसरा_मजला:
म्हणजे माझ्याच घरात कुरडया घालायला मी वरून परवानगी आणायची. फारच उपकार.

निवडुंग:
धागा घरातल्या झाडांचा होता. अर्धे प्रतिसाद कुरडयांवर गेले.

हिरवीगार:
लक्स मोजले. अरेकापाशी 85 आले. म्हणून त्याची खालची पानं पिवळी पडतायत का? सरकवला खिडकीशी, टीव्ही थोडा झाकला जातो पण असू दे. तुळस तर मी ग्रीलमध्येच ठेवते, यादीत देवघर उगाच लिहिलं, ते शोभेला. स्नेक प्लांट मात्र सासूबाईंच्या खोलीतून हलणार नाहीत, तुमचा ड्रेक्सेलवाला स्वतः येऊन सांगू दे त्यांना.

निवडुंग:
राहू द्या की, स्नेक प्लांट कमी उजेडात तग धरतो. पाणी तेवढं कमी घाला.

नवखा_22:
सगळा धागा वाचला, छान माहिती. आमच्या बाथरूमला खिडकी नाही, दिवाही जाऊ तेव्हाच लावतो. तिथे काय ठेवू?

निवडुंग:
बादली.