दोन राज्यांच्या मालकीची जुनी रेल्वे: सरकारकडून पैसे कसे मिळवतात?

खानापूरकर:
अमेरिकेतली कंब्रेस अँड टोल्टेक ही वाफेची नॅरोगेज लाइन कोलोरॅडो आणि न्यू मेक्सिको या राज्यांनी १९७० मध्ये मिळून विकत घेतली. लांबी १०३ किलोमीटर, वाटेत राज्याची हद्द ११ वेळा ओलांडते. आपण हद्दीवरचे, म्हणून विचारतो: दोन्ही सरकारांकडून पैसे निघतात कसे? आणि कर्नाटक–गोवा हद्दीजवळच्या लोंढा–कॅसलरॉकच्या जुन्या रेल्वे वास्तूंसाठी असं काही मागता येईल का?

रूळपट्टी:
मालक दोन, पण मागणी एकच जाते. प्रत्येक गव्हर्नर दोन सदस्य नेमतो आणि त्या चौघांचा आयोग दोन्ही विधिमंडळांकडे जातो. गाडी चालवण्याचा खर्च तिकिटांतून, तर रूळ, पूल, इंजिनं यांचा सरकारकडून, ही विभागणी अर्जात स्वच्छ दिसायला हवी. ती मिसळली की चर्चा तोट्यावर घसरते आणि पूल राहून जातो.

खरी गोची वेळेची. आर्थिक वर्ष दोन्हीकडे १ जुलैला सुरू होतं. पण न्यू मेक्सिकोचं अधिवेशन विषम वर्षी ६० दिवस, सम वर्षी जेमतेम ३०, कोलोरॅडोचं १२०. म्हणजे न्यू मेक्सिकोचा आकडा आधी ठरतो. तिथे कात्री लागली की "त्यांनी कमी दिलं, मग आम्ही पूर्ण का द्यायचं?" हे आलंच. म्हणून कामांची यादी आणि रक्कम दोन्हीकडे शब्दशः एकच ठेवावी. किलोमीटर मोजून वाटणी करू नये, निम्मं-निम्मं मागावं.

घटप्रभा:
नुसतं "ऐतिहासिक वारसा" लिहून भागत नाही, हिशोब मांडा. दोन फुटांवर एक स्लीपर (रुळांखालची आडवी लाकडी तुळई) धरला तर १०३ किलोमीटरला साधारण १ लाख ६९ हजार लागतात. लाकडाचं आयुष्य ३० वर्षं धरा, म्हणजे वर्षाला ५,६०० बदलायचे. एका वर्षी २,०००च बदलले तर ३,६०० पुढच्या वर्षाच्या बोकांडी बसतात. हा थकलेला आकडा दरवर्षी अर्जात दाखवा, आमदाराला तोच लगेच कळतो.

तिथली मुख्य इंजिनं १९२५ ची. नियमाने १,४७२ दिवस चालल्यावर किंवा १५ वर्षांनी, जे आधी येईल तेव्हा, बॉयलर पूर्ण उघडून तपासतात. कोणत्या इंजिनाची पाळी कधी, हे आधीच कळतं. मग त्याचे पैसे ऐनवेळी का मागायचे? अपघातासाठी मात्र वेगळी गंगाजळी हवी. जून २०१० मध्ये या लाइनवरचा लोबॅटो पूल जळाला आणि पूर्ण मार्ग पुढच्या वर्षीच सुरू झाला.

रूळपट्टी:
खानापूरकर, आपल्याकडे हे जसंच्या तसं लागू होत नाही. रेल्वे हा केंद्राच्या सूचीतला विषय. राज्य पैसे घालतं ते खर्चवाटणीत, जसं बागलकोट–कुडची मार्गाला निम्मा खर्च आणि जमीन फुकट. संयुक्त मालकीचं जवळचं उदाहरण कोकण रेल्वे: सुरुवातीला केंद्र ५१, महाराष्ट्र २२, कर्नाटक १५, गोवा आणि केरळ प्रत्येकी ६ टक्के.

त्यामुळे लोंढा–कॅसलरॉकसाठी अख्खी लाइन मागू नका. एकेक वास्तू घ्या, फोटो, मोजमाप आणि दुरुस्तीचा अंदाज जोडा आणि निवेदन हुबळी विभागाच्या डीआरएमकडे (विभागीय रेल्वे व्यवस्थापकाकडे) द्या. प्रत खासदारांना. राज्याकडचा भाग असेल तर तो डिसेंबरच्या आत पोचवा, मार्चमध्ये बजेट मांडल्यावर उपयोग नाही.