मदत हवी आहे: 'सर्प्लिस' म्हणजे नेमका कोणता झगा?

कागदकाम: इंग्लंडमधल्या एका जुन्या चर्चवरच्या लेखाचं भाषांतर चालू आहे. पाद्री काळ्या झग्यावर 'सर्प्लिस' चढवतो असं त्यात आहे. कोशात अर्थ मिळतो 'पांढरा झगा'. दोन परिच्छेदांनी 'आल्ब' येतो, त्यालाही पांढराच झगा! फरक काय? शब्द 'प्लीट'वरून, म्हणजे चुण्यांवरून आला का? की 'सरप्लस'शी नातं आहे?

जुनाकोश: गळ्याशी चुण्या असतात म्हणून तसं वाटतं खरं, पण नाही. मूळ मध्ययुगीन लॅटिन शब्द 'सुपरपेलिसियम'. सुपर म्हणजे वर, पेलिस म्हणजे कातडं आणि पेलिसिया म्हणजे केसाळ कातड्याचा कपडा. थोडक्यात, 'कातड्यावरून घालायचं'. फ्रेंचमधून तेराव्या शतकात इंग्रजीत येताना मधला 'पे' गळाला आणि कातडं शब्दातून दिसेनासं झालं. 'पेलिस' नावाच्या कोटात ते अजून शाबूत आहे. 'सरप्लस'शी नातं फक्त 'सुपर'पुरतं, पुढचा 'प्लुस' म्हणजे अधिक. इंग्रजीत दोन्हींचा उच्चार जवळजवळ एकच, त्यामुळे ऐकून टंकणाऱ्यांची हमखास फसगत होते.

कातडं कशाला, तर थंडीसाठी. उत्तर युरोपातल्या दगडी चर्चमध्ये ऊब नसायची, म्हणून पाद्री आतून केसाळ कातडं लावलेले झगे घालून प्रार्थनेला उभे राहत. आल्ब अंगासरशी, तो अशा जाड कपड्यावर नीट बसेना. मग अकराव्या शतकाच्या सुमारास त्याचाच हा ऐसपैस अवतार निघाला. आपल्या 'उत्तरीय'सारखंच आहे हे: नाव कपड्याचं नाही, त्याच्या जागेचं.

काजबटण: फोटो असेल तर आधी कंबर बघा. दोरी बांधलेली आणि घेर घोट्यापर्यंत असेल तर बहुधा आल्ब (लॅटिन 'आल्बा', पांढरी). मिसेच्या (कॅथलिक उपासनेच्या) वेळी त्यावर रंगीत कॅझुला, म्हणजे बिनबाह्यांचा वरचा झगा येतो. सर्प्लिस कमरेला मोकळा, बाह्या रुंद, खालून काळा झगा डोकावतो. लांबीवर मात्र विसंबू नका. इंग्लंडमधले जुने सर्प्लिस गुडघ्याच्या खाली जातात, इटालियन धाटणीचा आखूड असतो, त्याला 'कोत्ता' म्हणतात.

कागदकाम: एका चित्रात बिशपच्या बाह्या मनगटाशी घट्ट आहेत. तोही सर्प्लिसच ना?

काजबटण: नाही, तो 'रॉशे'. बिशप आणि वरच्या दर्जाच्या धर्माधिकाऱ्यांचा.

जुनाकोश: भाषांतरात पहिल्यांदा 'सर्प्लिस, म्हणजे काळ्या झग्यावरून घालायचा पांढरा, सैल, रुंद बाह्यांचा अंगरखा' असं लिहा, पुढे नुसतं 'सर्प्लिस'. सगळीकडे 'झगा' केलंत तर 'झग्यावर झगा' होईल. लेख सोळाव्या शतकाचा असेल तर शब्द अजिबात गाळू नका. १५६६ मध्ये आर्चबिशप मॅथ्यू पार्कर यांच्या नियमावलीने इंग्लंडच्या पाद्र्यांना सर्प्लिस सक्तीचा केला, आणि प्युरिटनांना, म्हणजे चर्चमधून कॅथलिक रीती हटवू पाहणाऱ्या कडव्या प्रोटेस्टंटांना, त्यात पोपशाहीचा वास आला. नुसत्या 'झग्या'वरून एवढं भांडण का, हे मराठी वाचकाला कळणार नाही.

मांडवीकाठ: पोर्तुगीजमध्ये 'सोब्रेपेलिझ'. 'सोब्रे' वर, 'पेले' कातडी, म्हणजे तिथे अर्थ अजून उघड दिसतो. हेच नाव पोर्तुगीज पाद्र्यांबरोबर गोव्याच्या उकाड्यात उतरलं. कातडं अर्थातच तिकडेच राहिलं.

कागदकाम: धन्यवाद मंडळी. मसुद्यात अकरा ठिकाणी 'झगा' होता, सात ठिकाणी बदलला.