मदत हवी आहे : व्हॅलहाइमचा सर्व्हर जुन्या लॅपटॉपवर लावला, पण मित्रांना आत येता येत नाही (नागपूर)

मानेवाड्याचा_वायकिंग · रात्री १२:४०

नमस्कार मंडळी. तीन रात्री झाल्या, डोकं चालून नाही राहिलं, म्हणून शेवटी इथे लिहितोय.

आम्ही चौघं शाळेपासूनचे मित्र. मी मानेवाड्यात, एक महालात (तोही नागपुरातच, पण भेट वर्षातून दोनदा, म्हणून परगावचाच धरा), एक पुण्याला पीजीत आणि एक बंगळुरूला. दिवाळीपासून व्हॅलहाइम हा वायकिंगांचा गेम ऑनलाइन खेळतोय. आमच्या जगात आज २१२ वा दिवस आहे. दुसरा बॉस एल्डर पडला, आता दलदलीत लोखंड काढणं सुरू आहे.

अडचण अशी की जग माझ्या पीसीवर आहे. माझा पीसी चालू असला तरच बाकीच्यांना खेळता येतं, आणि एका आठवड्याआड माझी मिहानला (नागपूरच्या उद्योगांच्या भागात) नाइट शिफ्ट असते. त्या आठवड्यात तिघं ग्रुपवर माझ्या नावानं बोंबलतात. एकदा जगाची कॉपी पुणेवाल्याला देऊन पाहिली. त्याच्या कॉपीत जहाज बांधलं गेलं, माझ्या कॉपीत कोठार. मग खरं जग कोणतं यावर पंधरा दिवस भांडण. तो प्रकार पुन्हा नको.

म्हणून जुना लॅपटॉप काढला (आय-५, ८ जीबी रॅम, विंडोज १०) आणि त्यावर स्टीम या गेमच्या ॲपच्या टूल्समधून व्हॅलहाइम डेडिकेटेड सर्व्हर (माझा पीसी बंद असला तरी जग चालू ठेवणारा प्रोग्राम) टाकला. पहिल्यांदा तो उघडून लगेच बंद व्हायचा, ते कसंबसं सुटलं. आता घरातल्या पीसीवरून १९२.१६८ वाला पत्ता टाकला की मी आत जातो. बाहेरून मात्र कोणीच येत नाही. राउटरमध्ये २४५६ ते २४५८ पोर्ट फॉरवर्ड केले (म्हणजे बाहेरून येणाऱ्याला थेट लॅपटॉपकडे वळवायचं), विंडोजच्या फायरवॉलमध्ये परवानगी दिली. पोर्ट तपासायच्या साइटवर 'बंद' दाखवते. नेटवाल्याला फोन केला तर तो म्हणतो, "आमच्याकडून सगळं ओपन आहे भाऊ, तुमचा राउटर पाहा."

काय चुकतंय? सर्व्हर भाड्याने घ्या असं कृपया सांगू नका, चौघांतला एक अजून नोकरी शोधून राहिला.

तर्रीपोहा · रात्री १२:५८

काहून एवढा ताप घेता बाप्पा, लुडो खेळा.

(गंमत. तुमचा सर्व्हर उघडून लगेच बंद का होत होता ते सांगा. माझाही तेच करून राहिला.)

मानेवाड्याचा_वायकिंग · रात्री १:०५

@तर्रीपोहा पासवर्ड. जगाचं नाव 'संत्रानगर' आणि पासवर्ड 'संत्रा' ठेवला होता, इंग्रजी अक्षरांत. जगाच्या नावात पासवर्ड दडलेला असला की सर्व्हर सुरूच होत नाही. शिवाय तो किमान ५ अक्षरी लागतो. काळ्या खिडकीत एक ओळ येऊन जाते, पण ती वाचेपर्यंत खिडकीच गायब.

रॅकवाला_काका · सकाळी ७:२०

वायकिंगभाऊ, आधी तीन गोष्टी, मग निदान.

एक, त्या पोर्ट तपासणाऱ्या साइटवर विश्वास ठेवू नका. नेटवर माहिती पाठवायच्या टीसीपी आणि यूडीपी अशा दोन पद्धती आहेत. त्या साइट बहुतेक टीसीपी तपासतात आणि व्हॅलहाइम यूडीपीवर बोलतो. सगळं बरोबर असलं तरी तिथे 'बंद'च दिसेल. मी स्वतः या फंदात एक अख्खा रविवार घालवला आहे, तेव्हा लाज वाटून घेऊ नका.

दोन, घरात बसून स्वतःचाच बाहेरचा आयपी टाकून पाहू नका. पुष्कळ घरगुती राउटर आतून बाहेर जाऊन परत आत यायचं काम करत नाहीत. चाचणी मोबाइलच्या डेटावरून किंवा मित्राकडूनच करा.

तीन, आणि इथेच पाणी मुरतंय असं मला वाटतं. राउटरच्या पानावर वॅन आयपी (नेटवाल्याने राउटरला दिलेला पत्ता) काय दिसतो ते बघा. मग गूगलवर 'माझा आयपी' शोधा. दोन्ही आकडे सारखे आहेत का? वॅन आयपी १००.६४ पासून १००.१२७ पर्यंत कुठेही सुरू होत असेल तर तुम्ही सीजीनॅटमध्ये आहात. म्हणजे तुमच्यासारख्या शेकडो घरांना मिळून कंपनीने एकच सार्वजनिक पत्ता दिलाय. सोसायटीच्या फाटकावर एकच पाटी आणि आतल्या फ्लॅटला नंबरच नाही, असं समजा. तुम्ही तुमच्या फ्लॅटचं दार कितीही उघडं ठेवा, पाहुणा फाटकावरच अडकणार. आयपीव्ही-४ चे, म्हणजे या जुन्या पद्धतीच्या आयपीचे, पत्ते संपत आले म्हणून २०१२ साली हा पट्टा खास याच कामासाठी राखून ठेवला. तेव्हा नेटवाला खोटं बोलत नाही, त्याला प्रश्नच कळला नाही.

मानेवाड्याचा_वायकिंग · सकाळी ९:१२

काका, वॅन आयपी १००.८१ ने सुरू होतो. गूगल भलताच आकडा दाखवतं.

तीन रात्री. तीन रात्री मी फ्लॅटचं दार उघडझाक करत होतो.

रॅकवाला_काका · सकाळी ९:३०

मग रस्ते उरले तीन. कंपनीकडून स्टॅटिक आयपी (फक्त तुमचा, न बदलणारा सार्वजनिक पत्ता) मागा, बहुतेक ठिकाणी दरमहा वेगळे पैसे पडतात. किंवा टेलस्केल. किंवा क्रॉसप्ले, म्हणजे वेगवेगळ्या यंत्रांवरच्यांना एकत्र खेळू देणारी गेमचीच सोय.

टेलस्केल मला सगळ्यात आवडतं. चौघांनी आपापल्या मशीनवर टाकायचं, लॅपटॉपवरही टाकायचं, सगळी यंत्रं एकाच घरात असल्यासारखी होतात. लॅपटॉपला मिळालेला पत्ता आणि पुढे २४५६ पोर्ट एवढं मित्रांनी गेममध्ये टाकलं की झालं. राउटरला हात लावायचीच गरज नाही. तो पत्ताही १०० नेच सुरू होतो, त्याच पट्ट्यातला. बघून घाबरू नका, ते सीजीनॅट नव्हे. झीरोटियर, हमाची, रॅडमिन याच जातीचे.

रानमांजर · सकाळी ११:०२

काकांचं बरोबर, पण चौघंही पीसीवर आहेत ना? विचारून घेते.

मानेवाड्याचा_वायकिंग · दुपारी १:४५

अं… महालवाल्याचं ग्राफिक्स कार्ड मागच्या नवतपात गेलं. तो आता भावाच्या एक्सबॉक्सवर गेमपासमधून (एक्सबॉक्सची गेमची वर्गणी) खेळणार आहे.

रानमांजर · दुपारी १:५१

राजेहो, हे पहिल्या पोस्टमध्ये लिहायचं असतं!

एक्सबॉक्सवर टेलस्केल चालणार नाही. स्टीम सोडून बाहेरचं कोणी असलं की क्रॉसप्लेच लागतं, त्याला दुसरा इलाज नाही. चांगली गोष्ट अशी की तुमचा सीजीनॅटचा प्रश्नही त्यातच सुटतो. क्रॉसप्लेमध्ये जोडणी मधल्या रिले सर्व्हरवरून होते, म्हणून पोर्ट फॉरवर्ड लागतच नाही. सर्व्हर सुरू करायच्या बॅच फाइलमध्ये जिथे नाव, पोर्ट, जग आणि पासवर्ड लिहिलाय, त्याच ओळीच्या शेवटी डॅश लावून क्रॉसप्ले हा शब्द जोडा. सुरू झाल्यावर काळ्या खिडकीत ६ आकडी जॉइन कोड येईल, तो ग्रुपवर टाका.

त्या बॅच फाइलची आधी दुसऱ्या नावानं कॉपी करा आणि बदल कॉपीतच करा. मूळ फाइल स्टीम अपडेटच्या वेळी पुसून नवी टाकतं. माझं असं दोनदा झालं.

आणि महालवाल्याला आत्ताच सांगून ठेवा, त्याचं स्टीमवरचं पात्र एक्सबॉक्सवर जात नाही. घर, कोठार, शेत सगळं जगात आहे, ते त्याला दिसेल. पण तो स्वतः नवा येईल, अंगावर फाटके कपडे घालून.

मानेवाड्याचा_वायकिंग · दुपारी २:१०

दलदलीत. फाटक्या कपड्यात. मी नाही सांगत त्याला, तुम्हीच सांगा.

मानेवाड्याचा_वायकिंग · रात्री ११:३५

लोकहो, मोठी गडबड. क्रॉसप्ले लावलं, कोड आला, पुणेवाला पहिल्या फटक्यात आत गेला. आणि फोनवर ओरडला, "आपलं घर कुठे गेलं बे?" घर नाही, कोठार नाही, काहीच नाही. नुसतं गवत आणि हरणं. जगाचं नाव तेच आहे. २१२ दिवस गेले का?

रॅकवाला_काका · रात्री ११:४१

गेले नाहीत. सर्व्हर Ctrl आणि C दाबून बंद करा, खिडकीची फुली दाबू नका, आणि शांतपणे वाचा.

त्या नावाचं जग लॅपटॉपवर सापडलं नाही की सर्व्हर मुकाट्याने त्याच नावाचं नवं जग बनवतो. तुम्ही जुनं जग लॅपटॉपवर आणलंच नसणार. काल १९२ वाल्या पत्त्यावरून आत गेलात तेव्हा आजूबाजूला पाहिलं होतं का?

मानेवाड्याचा_वायकिंग · रात्री ११:४४

"कनेक्टेड" दिसलं आणि आनंदानं बाहेर आलो. 🙏

रॅकवाला_काका · रात्री ११:५८

होतं असं. आता पीसीवर गेम उघडा, जग निवडायच्या पानावरून सेव्ह मॅनेज करायच्या पानावर जा. तुमचं जग तिथे क्लाउडवर असेल तर ते लोकलला हलवा. मग पीसीच्या ॲपडेटा फोल्डरात लोकललो, त्यात आयर्नगेट, त्यात व्हॅलहाइम, त्यात 'वर्ल्ड्स लोकल' असं शेवटचं फोल्डर सापडेल. त्यात तुमच्या जगाच्या नावाच्या दोन फाइली असतात, एक डीबी आणि एक एफडब्ल्यूएल. डीबीत घरंदारं, एफडब्ल्यूएलमध्ये जगाची ओळख. दोन्ही न्यायच्या. लॅपटॉपवर त्याच जागी ठेवायच्या, आणि तिथे सर्व्हरने बनवलेलं रिकामं जग आधी काढून टाकायचं. हे सगळं करण्याआधी दोन्ही फाइलींची एक प्रत पेनड्राइव्हवर. यात आळस नको.

अंगावरचं सामान आणि प्रत्येकाने पाहिलेला नकाशा पात्राच्या फाइलीत असतो, म्हणजे ज्याच्या त्याच्या मशीनवर. ते सर्व्हर बदलल्याने जात नाही.

मानेवाड्याचा_वायकिंग · रात्री १२:३६

आलं!! घर आलं! कोठार आलं! बंगळुरूवाला रडायचाच बाकी होता.

तर्रीपोहा · सकाळी ८:०४

माझाही सुरू झाला. आमच्या जगाचं नाव 'सावजी' आणि पासवर्ड 'सावजी' होता. कोणाला सांगू नका.

मानेवाड्याचा_वायकिंग · दोन दिवसांनी, रात्री १:२०

अर्धा आनंद. चौघंही आत आहेत. पण दलदलीत गेलो की सगळं अडकतं. ड्रॉगर (दलदलीतला राक्षस) समोर उभा, मी कुऱ्हाड मारतो, तो दोन सेकंदांनी मरतो किंवा मरतच नाही. घराजवळ सगळं छान. लॅपटॉपचा सीपीयू निवांत आहे, रॅम ३ जीबीच्या आतच. लॅपटॉप वायरने राउटरला जोडलाय. पुणेवाला म्हणतो तुझा लॅपटॉप डबा आहे.

रानमांजर · सकाळी १०:१५

लॅपटॉपचा दोष नसावा. दलदलीत सगळ्यांत पुढे कोण असतं?

मानेवाड्याचा_वायकिंग · सकाळी १०:३०

पुणेवालाच. त्याला हौस आहे.

रानमांजर · सकाळी १०:४८

आणि तो पीजीच्या वायफायवर, बरोबर?

व्हॅलहाइममध्ये सगळं गणित सर्व्हर करत नाही. सर्व्हर जग सांभाळतो आणि निरोप्याचं काम करतो. एखाद्या भागात जो आधी पोहोचतो, त्या भागातले राक्षस कसे चालतील, कधी मरतील, हे त्याचं मशीन ठरवतं. तुम्ही मारलेली कुऱ्हाड आधी पुण्याला जाते, तिथल्या पीजीतले दहा जण काय डाउनलोड करताहेत त्यातून वाट काढते, मग निकाल परत येतो. भाड्याचा महागडा सर्व्हर घेतला असता तरी हे असंच झालं असतं. क्रॉसप्लेच्या रिलेमुळे थोडा उशीर वाढतो तो वेगळा, पण दोन सेकंद नव्हे.

उपाय फुकट आहे. ज्याचं नेट सगळ्यांत धड त्याला पुढे पाठवा, पीजीवाला सगळ्यांत मागे. तो भाग अडकायला लागला तर त्याने थोडा वेळ दूर जाऊन परत यावं, ताबा दुसऱ्याकडे जातो.

मानेवाड्याचा_वायकिंग · सकाळी १०:५५

हे त्याला पटवणं ड्रॉगरपेक्षा अवघड आहे.

रॅकवाला_काका · सकाळी ११:२०

आता नाइटच्या आठवड्याची तयारी. लॅपटॉपचं झाकण मिटलं की झोपायची सेटिंग बंद करा, स्लीप बंद करा. विंडोज अपडेट रात्री आपोआप रीस्टार्ट करणार नाही असं बघा. राउटरला छोटा १२ व्होल्टचा यूपीएस लावा. लॅपटॉपला बॅटरी असते, राउटरला नसते, आणि आपल्याकडे लाइट कधी जाईल ते महावितरणलाही ठाऊक नसतं. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की लॅपटॉप बंद कपाटात ठेवू नका, आणि कूलरच्या थेट ओल्या हवेतही नको.

सर्व्हर रीस्टार्ट झाला की जॉइन कोड बदलतो, हे मित्रांना सांगून ठेवा. तुम्ही मिहानला असताना कोड कोण वाचणार? म्हणून सर्व्हर सार्वजनिक यादीत दिसू द्या, ते नावाने शोधून पासवर्ड टाकतील. जग दर ३० मिनिटांनी आपोआप सेव्ह होतं. तरी आठवड्यातून एकदा पेनड्राइव्ह.

तर्रीपोहा · सकाळी ११:३३

आणि लोखंड पोर्टलमधून (गेममधलं एका जागेहून दुसऱ्या जागी झटक्यात नेणारं दार) जात नाही म्हणून जहाजानं वाहून आणून राहिले असाल तर त्याच बॅच फाइलीत मॉडिफायर (गेमचा नियम बदलणारा शब्द) टाकता येतो, पोर्टल्स कॅज्युअल. सगळं जातं.

रानमांजर · सकाळी ११:४०

@तर्रीपोहा मग जहाज कशाला बांधलं त्यांनी? भांडण करून बांधलेलं जहाज आहे ते.

मानेवाड्याचा_वायकिंग · आठ दिवसांनी, पहाटे ३:१८

मिहानहून लिहितोय, चहाच्या सुट्टीत. दलदल सुरळीत. आता बंगळुरूवाला पुढे असतो, पुणेवाला तोंड पाडून मागे. महालवाला फाटक्या कपड्यांतच पाच वेळा मेला, पण सहाव्यांदा लोखंड घेऊन घरी आला. मध्ये एकदा लाइट गेली, राउटर यूपीएसवर तग धरून राहिला.

काका, रानमांजर, दोघांना एकेक तर्रीवाली प्लेट उधार. नागपुरात असाल तर सांगा.

आत्ताच ग्रुपवर फोटो आला. माझा पलंग उचलून रानडुकरांच्या गोठ्यात नेऊन ठेवलाय आणि दारावर पाटी लावली आहे, 'घरमालक नाइटला'.

तर्रीपोहा · पहाटे ३:२६

डुकरं पाळीव आहेत ना? मग ठीक आहे.

मानेवाड्याचा_वायकिंग · पहाटे ३:२७

दोन आहेत. तिसऱ्याचं नक्की नाही.