हलगी तापेपर्यंत

दंगलीनंतर गाणी-नाटकं म्हणजे नुसती मलमपट्टी, असं काहीजण म्हणतात; मला ते अर्धंच पटतं. न्याय आधी हवाच. पण रवांडात १९९४ च्या नरसंहारानंतर, २००४ मध्ये, हुतू आणि तुत्सी अशा दोन्ही बाजूंच्या बायकांचं ढोलपथक उभं राहिलं. तिथं तोवर ढोल म्हणजे पुरुषांचंच काम! ताल धरायचा तर शेजारणीकडं बघावंच लागतं, तिच्या घरच्यांनी काहीही केलेलं असो.

जून २०२३ मध्ये आपल्या कोल्हापुरात दगड पडले. आमच्या गल्लीत पुढं कितीतरी दिवस कुणी कुणाशी धड बोलत नव्हतं. मग मोहरमला पंजे बसले, हलगी निघाली. पहिलं बोलणं झालं ते कातडं शेकायच्या जाळापाशी. "अजून जरा तापू दे, चाचा." एवढंच.