मदत हवी आहे: आयव्हीएफमध्ये 'जुळणारं' भ्रूण निवडण्याबद्दल

नमस्कार मंडळी,

लेक पाच वर्षांची आहे, तिला थॅलेसेमिया मेजर (रक्ताचा आनुवंशिक आजार, तीव्र प्रकार). आम्ही दोघं मायनर, म्हणजे फक्त वाहक. दर तीन आठवड्यांनी रक्त चढवायचं आणि अंगात साठलेलं लोह कमी करायला रोज गोळ्या. बोन मॅरो (अस्थिमज्जा) ट्रान्सप्लान्टसाठी पूर्ण जुळणारा दाता घरात नाही, रजिस्ट्रीतही मिळाला नाही.

आता डॉक्टरांनी सुचवलंय की आयव्हीएफ करा, भ्रूणं तपासू, ज्याला मेजर नाही आणि ज्याचं एचएलए (पेशींवरच्या खुणा, त्या जुळल्या तरच मॅरो चालतो) लेकीशी जुळतं तेच ठेवू. गुजरातेत २०१८ मध्ये असं बाळ जन्मलं आणि पुढे त्याच्या मॅरोवर मोठा भाऊ बरा झाला, हे वाचलंय.

गणित असं आहे: मेजर नसण्याची शक्यता चारात तीन, एचएलए जुळण्याची चारात एक. म्हणजे सरासरी १६ भ्रूणांत दोन्ही बसणारी फक्त ३. चार मेजरची. ती ठेवायची नाहीत, याबद्दल माझ्या मनात किंतु नाही. हे दुखणं मी रोज बघते. उरलेल्या नऊंवर मात्र गाडी अडते. ती निरोगी, फार तर आमच्यासारखी मायनर. त्यांचा दोष एवढाच की ती ताईच्या उपयोगाची नाहीत. नवरा म्हणतो फ्रीझ करू. पण कायद्याने दहाच वर्षं ठेवता येतात, नंतर नष्ट करायची नाहीतर संशोधनाला द्यायची.

आणि समजा जुळणारं एकही निघालं नाही, तर निरोगी पण न जुळणारं ठेवायचं का? मी 'नको' म्हणाले, तर मला बाळ हवं होतं की दाता?

जुळलं तरी त्या पोराला दीड-दोन वर्षांचं असताना भूल देऊन मॅरो काढणार. त्याची संमती आम्हीच देणार, आणि आम्ही काही तटस्थ नाही.

(आतेसासूबाईंचं म्हणणं, "तपासताच आहात तर मुलगाच बघा." तो गुन्हा आहे हे सांगितल्यावर त्या रुसल्यात. असो.)

यातून गेलेलं इथे कोणी आहे का? किंवा विचार करून 'नको' ठरवलेलं? न जुळणाऱ्या भ्रूणांचं तुम्ही काय केलंत? धाकट्याला कधी, काय सांगितलंत? 'दत्तक घ्या' हा सल्ला कृपया नको, त्याने लेकीचं रक्त थांबत नाही. इथे लिहायला अवघड वाटलं तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.