मदत हवी आहे: हॅमॉकमध्ये रात्रभर झोपायचं कसं?

आडवाट

नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात जंगलात मुक्काम आहे. बाकीचे तंबूत झोपणार, मी मात्र हॅमॉक (दोन झाडांमध्ये टांगायची कापडी झोळी) घेतलाय. साधाच आहे: दोन्ही टोकांना कापडाच्या चुण्या करून बांधलेला, ९ फूट लांब, एकेरी नायलॉनचा. सोबत झाडांना बांधायचे दोन रुंद पट्टे आणि ते हॅमॉकला जोडायच्या दोन धातूच्या कड्या, म्हणजे कॅरॅबिनर, आले. माझी उंची ५ फूट ५ इंच, वजन ६० किलो.

दुपारी पुस्तक घेऊन पडायला हा प्रकार झकास आहे. रात्रीचं गणित मात्र बसत नाहीये. सपाट व्हावा म्हणून दोन्ही पट्टे चांगले ताणून बांधते. तरी आत पडलं की पाठीची कमान होते आणि कापडाच्या कडा दोन्हीकडून खांदे चेपतात. गुडघ्यांवर मागून ताण येतो, थोड्या वेळाने ते दुखायला लागतात. झोप लागलीच तर घसरत घसरत मध्यभागी गोळा होते. आणि पहाटे पाठीखालून असं गार पडतं की उठून बसावं लागतं. वरून स्लीपिंग बॅग आहे, वरच्या बाजूला अजिबात थंडी नाही, सगळी खालूनच.

तर मुळात हा सवयीचा प्रश्न आहे की बांधण्याचा? मी कुशीवर झोपणारी, ते यात जमतं का? आणि थंडीसाठी अंडरक्विल्टच (हॅमॉकखाली टांगायची रजई) लागतं की कॅरीमॅटवर (फोमच्या पातळ चटईवर) भागेल?

"सरळ तंबू घे" हा सल्ला मैत्रिणींनी देऊन झालाय, तेवढा सोडून काहीही सांगा. :)

दोरखंड

सवयीचा थोडा, बांधण्याचा बराच. तुमच्या तक्रारींपैकी थंडी वगळली तर जवळजवळ सगळ्यांचं मूळ त्या "चांगले ताणून" मध्ये आहे.

ताणलेला हॅमॉक रिकामा असताना सपाट दिसतो, माणूस आत गेला की नाही राहत. कडा ताठ होतात, मधलं कापड वजनाने खाली जातं आणि आपण त्या खोबणीत अडकतो. तिरकं व्हायला जागाच उरत नाही. आणि हॅमॉकमध्ये सपाट झोपायचं ते तिरकंच झोपायचं. सगळी मेख इथे आहे. ढिल्या हॅमॉकमध्ये शरीर मधल्या रेषेपासून १५-२० अंश तिरकं ठेवलं की डोकं आणि पाय दोन्ही खाली उतरतात, कंबर वर येते, कमान जाते. खांद्यांवरचा दाबही त्यातच कमी होतो.

म्हणून पट्टा झाडाकडून खाली येताना जमिनीच्या आडव्या रेषेशी साधारण ३० अंशांचा कोन झाला पाहिजे, तोही तुम्ही आत बसलेल्या असताना. मोजायची सोपी युक्ती: तर्जनी आडवी धरा, अंगठा वर करा. अंगठ्याच्या टोकापासून तर्जनीच्या टोकापर्यंत जी तिरकी रेष होते, तिला पट्टा समांतर दिसला की झालं.

यात आरामाइतकाच ताकदीचाही हिशेब आहे. ३० अंशांना प्रत्येक पट्ट्यावर तुमच्या वजनाएवढा, म्हणजे ६० किलोचा ताण येतो. १० अंशांना तोच साधारण १७० किलो होतो, ५ अंशांना साडेतीनशेच्या आसपास. तोही तुम्ही शांत पडून असताना, उडी मारून बसलात तर आणखी. तेवढाच ताण झाडावर, शिवणीवर आणि कॅरॅबिनरवर. कॅरॅबिनर किल्ल्या अडकवायचा शोभेचा नाही ना, त्यावर भारक्षमता छापलेली आहे ना, तेही बघा.

उंचीचं म्हणाल तर आत बसल्यावर बूड जमिनीपासून दीड फुटावर, खुर्चीच्या उंचीला यावं. ९ फुटी हॅमॉकसाठी झाडं १२ फुटांवर असली तर पट्टे सव्वापाच फुटांवर, १५ फुटांवर असली तर सहा फुटांच्या थोडं वर. कापड आणि पट्टे वजनाने ताणतात, म्हणून हळूच बसून पाहायचं आणि मग वरखाली करायचं. पायाकडचं टोक डोक्याकडच्यापेक्षा वीतभर उंच ठेवा. घसरण्यावर इलाज तोच. वजन कमरेपाशी जास्त असतं, दोन्ही टोकं समान ठेवली की आपण पायांच्या दिशेने सरकत राहतो.

दरवेळी कोन मोजायचा कंटाळा असेल तर रिजलाइन लावा. हॅमॉकच्या दोन टोकांना जोडणारी, न ताणणारी बारीक दोरी, लांबी हॅमॉकच्या ८३ टक्क्यांच्या आसपास. तुमच्या ९ फुटांना साडेसात फूट. मग झाडं जवळ असोत की लांब, झोळ तेवढाच राहतो. आत पडल्यावर ती दोरी बोटांच्या चिमटीत थोडीशी वाकली पाहिजे. तारेसारखी ताठ असेल तर पट्टे ढिले करा.

आता आत शिरणं. मधोमध बसायचं, मागे टेकायचं, दोन्ही पाय एकत्र आत घ्यायचे. मग डोकं डावीकडे आणि पाय उजवीकडे सरकवायचे, किंवा उलट. दोन्हीकडे पडून बघा, एक बाजू आपोआप आवडते. गुडघ्यांखाली गुंडाळलेला कोट किंवा छोटी उशी.

एक गोष्ट मात्र उपायाबाहेरची आहे. ९ फूट म्हणजे आखूड. रात्रीच्या झोपेसाठी ११ फुटी बरा, तिरकं व्हायला ऐसपैस जागा मिळते. तुमच्या उंचीला ९ फुटांत भागेल, सहा फुटी माणसाला मी नाही म्हटलं असतं.

पायवाट

+१. फक्त रिजलाइनबद्दल थोडा वेगळा सूर. नवशिक्या माणसाने आधी तिच्याशिवाय शिकावं, हाताला अंदाज येतो. नाहीतर लोक रिजलाइनच्या भरवशावर पट्टे करकचून ताणतात आणि सगळा ताण त्या बारीक दोरीवर जातो.

दोरखंड

@पायवाट, ताणणाऱ्याला रिजलाइन असो नसो, तो ताणणारच. पण मुद्दा मान्य.

कुडकुड्या

थंडीचं मी सांगतो, नावातच अनुभव आहे.

स्लीपिंग बॅगची ऊब तिच्यातल्या फुगलेल्या भरावात अडकलेल्या हवेमुळे असते. अंगाखालचा भराव दबला की हवा गेली, ऊबही गेली. तंबूत खाली मॅट असते म्हणून ते जाणवत नाही. हॅमॉकमध्ये पाठीखाली फक्त एक पातळ कापड, आणि त्याखालून वारा मोकळा फिरतो. त्यामुळे तापमान २० अंशांच्या खाली गेलं की बऱ्याच जणांना खालून गार वाटायला लागतं. जाडजूड बॅग घेऊन उपयोग नाही, खालची बाजू वेगळी सांभाळावी लागते.

कॅरीमॅट चालते. पहिल्या मुक्कामासाठी मी तीच सुचवेन, कारण ती घरात असते आणि बिघडण्यासारखं तिच्यात काही नसतं. तिचे त्रास दोन. एक, ती निसटते. एकेरी कापडाच्या हॅमॉकमध्ये तर फारच. ती स्लीपिंग बॅगच्या आत घातली की बरीच जागेवर राहते. (दुहेरी कापडाच्या हॅमॉकमध्ये दोन थरांच्या मध्ये सरकवता येते, तुमच्याकडे तो पर्याय नाही.) दुसरा त्रास खांद्यांचा. हॅमॉक कडांनी वर वळतो, मॅट अरुंद, मग खांदे आणि दंड उघडे पडतात. जुन्या मॅटचा तुकडा कापून खांद्यांच्या जागी आडवा लावला की काम होतं. फुगवायची मॅट असेल तर पूर्ण फुगवू नका, अर्ध्याहून थोडी जास्त पुरे, नाहीतर तीच तुम्हाला बाहेर ढकलते.

अंडरक्विल्ट आरामात वरचढ आहे यात वाद नाही. हॅमॉकच्या बाहेरून, खाली टांगलेली रजई, त्यामुळे वजनाने दबत नाही. पण ती लावणं ही वेगळी कला आहे. कापडाला चिकटून हवी आणि चेंगरलेली नको. मध्ये फट राहिली की गार हवा आत खेळते, आणि अशी रजई असून नसल्यासारखी. आत पडल्यावर दुसऱ्या कोणाला खालून हात फिरवून बघायला सांगा, कमरेखाली पोकळी लागली तर टोकांचे इलॅस्टिक आवळायचे.

आणि स्लीपिंग बॅगमध्ये शिरून झोपायच्या भानगडीत पडू नका. हॅमॉकमध्ये चेन ओढणं म्हणजे कुस्ती. पायाकडचा भाग बंद ठेवा, बाकी चेन उघडून ती रजईसारखी पांघरा. मॅट बॅगेतच ठेवणार असाल तर आधी चेन पूर्ण उघडून बसा, मग ओढून घ्या.

साशंक

मी तंबूवाला, पण तो सल्ला देत नाही, काळजी नसावी.

कुशीवर जमतं. तिरकं पडल्यावर पाय थोडे पोटाशी घेऊन झोपता येतं, आणि पलंगावर खालच्या खांद्यावर आणि खुब्यावर येतो तसा दाब इथे येत नाही. पालथं झोपणाऱ्यांनी मात्र या टोकं चुणलेल्या प्रकाराच्या नादी लागू नये. त्यांच्यासाठी ब्रिज हॅमॉक असतात, डोक्याकडे आणि पायांकडे कडा फाकवणाऱ्या आडव्या काठ्या असलेले, आत बऱ्यापैकी सपाट. वजनाला जड. बागेत दिसतात ते टोकाला रुंद लाकडी दांडा असलेले जाळीचे हॅमॉक हा अजून वेगळा प्रकार. तो सपाट दिसतो खरा, पण कुशीवर वळताना उलटण्यात पटाईत आहे.

अजून एक. झुलण्याने झोप चांगली लागते हे सिद्ध झालंय असं कोणी इथे लिहायच्या आत: २०११ साली जिनिव्हा विद्यापीठातल्या संशोधकांचा अभ्यास आला होता, त्यात झुलत्या पलंगावर माणसं लवकर झोपी गेली. पण ती ४५ मिनिटांची दुपारची डुलकी होती, पलंग यंत्राने संथ आणि एका लयीत हलत होता, आणि माणसं होती जेमतेम १२. जंगलातल्या अख्ख्या रात्रीला तो निष्कर्ष चिकटवू नका.

फांदीखाली

सगळे आरामाचं बोलताहेत, झाडाबद्दल कोणीच नाही.

झाड जिवंत हवं आणि बुंधा निदान मांडीएवढा जाड. साल सुटलेली, बुंध्याला बुरशीच्या छत्र्या आलेल्या, मुळापाशी माती उचललेली, अशी झाडं सोडून द्या. मग मान वर करून बघा. वाळलेली किंवा मोडून अडकलेली फांदी डोक्यावर असेल तर जागा कितीही सुंदर असो, पुढे चला. वारा नसतानाही अशा फांद्या पडतात. विटांच्या खांबाला किंवा एकट्या उभ्या भिंतीला कधीही बांधू नका. ते वरून येणारा भार पेलायला असतात, आडव्या ओढीने कोसळतात, आणि त्यात माणसं मेली आहेत. हॅमॉकखाली दगड, बुंध्याचा खुंट, पाणी नको. पडलो तर कुठे पडू एवढंच स्वतःला विचारायचं. विजा चमकत असतील तर झाडांना टांगून घेण्यात अर्थ नाही, उतरा.

पट्टे रुंद आहेत ते छान, निदान इंचभर तरी हवेत. बारीक दोरी सालीत रुतते. काही संरक्षित भागांत झाडाला काहीही बांधायला मनाई असते, ते आधी विचारून घ्या.

आडवाट

सगळ्यांचे मनापासून आभार! ढिला बांधला, पायाकडचं टोक वीतभर वर घेतलं, तिरकी पडले. पाठ चक्क सरळ! हे आधी कोणी का सांगत नाही? कॅरीमॅट बॅगेत घालून झोपले, खांदे सोडले तर ऊब टिकली.

आता उरलेल्या कटकटी. पिंढऱ्यांखाली कापडाची एक कडक घडी येते, ती टोचते. कूस बदलली की बराच वेळ झुलत राहतं आणि मला मळमळल्यासारखं होतं. आणि डास! वरून जाळी लावली होती, तरी पाठीला चावे.

दोरखंड

ती घडी आखूड हॅमॉकची खूण. पाय अजून कडेला न्या, आणि पट्टे आणखी थोडे ढिले करून बघा. गुडघ्यांखालची उशी जराशी खाली सरकवली तर पिंढऱ्या घडीवरून उचलल्या जातात. पूर्ण जाईलच असं सांगत नाही.

झुलण्यासाठी हॅमॉकच्या एका कडेला, कमरेच्या जवळपास, इलॅस्टिकची दोरी बांधून तिरकी जमिनीत खुंटीला अडकवा. कडेला फासा नसेल तर कापडात गुळगुळीत खडा गुंडाळून त्याच्या मानेला बांधायची. फार ताणू नका, हेलकावा लवकर विरला की पुरे. फासा एका झटक्यात सुटणारा हवा, रात्री उठावं लागतंच.

कुडकुड्या

डास खालूनच चावतात. कापड अंगाला चिकटलेलं असतं आणि एकेरी नायलॉनमधून त्यांची सोंड आरपार जाते. मॅट आहे तिथे चावणार नाहीत, मॅटबाहेरच्या दंडांना चावतील. म्हणजे तो खांद्यांचा आडवा तुकडा लावाच, थंडी आणि डास दोन्ही सुटतात. जाळी घेणार असाल तर हॅमॉकला खालूनही वेढणारी, पिशवीसारखी घ्या.

आडवाट

तुकडा आजच कापते. शेवटचं: पावसाची शक्यता आहे. टार्प (वर छतासारखी बांधायची ताडपत्री) १० फुटी आहे. पट्ट्यांवरून पाणी ओघळत आत येतं असं ऐकलं, ते कसं थांबवायचं?

फांदीखाली

तुमचा हॅमॉक टांगल्यावर साडेसात फुटांचा होतो, म्हणजे १० फुटी टार्प दोन्हीकडे सव्वा फूट पुढे येईल. पुरेसा आहे. टार्पची दोरी वेगळी, पट्ट्यांच्या वर बांधा. वाऱ्याच्या बाजूची कड खाली आणा, तेवढीच थंडीही अडते.

पाण्यासाठी प्रत्येक पट्ट्याला, टार्पच्या आतल्या बाजूला पण हॅमॉकच्या टोकाआधी, एक दोरीचा तुकडा घट्ट बांधून लोंबता सोडा. ओघळ तिथे आला की दोरीवरून खाली गळतो. कॅरॅबिनरवरूनही काही पाणी तिथल्या तिथे पडतं, पण त्यावर विसंबू नका.

आडवाट

दोरी कुठली? किती लांब?

फांदीखाली

सुती, पाणी पिणारी. बुटाची जुनी नाडी चालते. चार-पाच इंच लोंबली की बास. खाली बूट ठेवले असतील तर तेवढे बाजूला घ्या.